तेराव्या दिवशीची फायनल

केतकी, काल आपण जिंकलो. दोन पॉइंटनी.

सकाळपासून तीनदा फोन हातात घेतला तुला मेसेज टाकायला, आणि तीनदा खाली ठेवला. म्हणून हे लिहितेय. मंडळाच्या अंकासाठी तुझ्यावर चार शब्द लिहून द्या, असा निरोप आला आहे. हसतमुख, मनमिळाऊ, सगळ्यांची लाडकी, असं काहीतरी त्यांना हवं असणार. ते मी लिहिणार नाही. तू मनमिळाऊ वगैरे नव्हतीस. कॅरममध्ये हरलीस तर सोंगट्या उधळून लावायचीस, आणि मी हसले तर तीन दिवस माझ्याशी बोलायची नाहीस. तू मनात ठेवायचीस. मीही ठेवते. सासरी आल्यावर माझं पहिल्यांदा कुणाशी जुळलं असेल तर ते या एका गोष्टीवरून.

मी नागपूरहून लग्न करून लंडनच्या स्टॅनमोरला आले तेव्हा नोव्हेंबर होता. तुझा दादा सकाळी सातला ट्यूब पकडायला निघायचा. मला क्रॉयडनची नोकरी मिळायला अजून चार महिने होते. आई-बाबा काही त्रास देणारे नव्हते, पण मी दिवसभर त्या सेंट्रल हीटिंगच्या घरात खिडकीशी बसून असायचे आणि चार वाजता बाहेर अंधार पडला की मला रडू यायचं. ते फक्त तुला कळलं. एका शनिवारी तू खोलीच्या दारात आलीस, बुटांचा चिखल गालिच्यावर, आणि म्हणालीस, "वहिनी, तू इंडियात कबड्डी खेळायची ना? आमचा एक मुलगी आली नाहीये. चल."

मी विचारलं, कबड्डीला?

"नाही, गेलिक फुटबॉल. तुला पळता येतो ना? मग झाला."

तुझ्या मराठीतली लिंगं कधीच ठिकाणावर नसायची. आई दुरुस्त करायच्या, तू त्यांच्याकडे दुर्लक्ष करायचीस. तुला शाळेत एका आयरिश बाईंनी हा खेळ शिकवला होता आणि अकराव्या वर्षापासून तू त्यात बुडाली होतीस. ग्रीनफर्डच्या त्या ओल्या मैदानावर मी पहिल्यांदा तेरा आयरिश बायका बघितल्या. नर्सा, शिक्षिका, एक प्लंबर. तू मला दोन मिनिटांत खेळ समजावलास: चेंडू हातात घ्यायचा, चार पावलं पळायचं, मग तो आपटायचा किंवा पायावर उडवून परत हातात घ्यायचा. जाळ्यात मारला तर गोल, त्याचे तीन पॉइंट. वरच्या दांडीवरून मारला तर एक पॉइंट. अंगाला धरायचं नाही, हे सांगायचं तू विसरलीस. पहिल्याच मिनिटाला मी एका नर्सला कमरेला मिठी मारून खाली पाडलं. आपल्या कोच मॉरीन, साठीच्या, थंडीतही अर्ध्या बाह्यांच्या टीशर्टात, मला बाजूला घेऊन शांतपणे म्हणाल्या की इथे मिठ्या मॅचनंतर मारतात.

तू मैदानभर "वहिनी! वहिनी!" ओरडत होतीस. मॉरीननी पुढच्या शनिवारी टीमच्या यादीत माझं नाव लिहिलं ते 'विनी'. माझं खरं नाव त्यांना अजून माहीत नाही. तुझ्या अंत्यविधीला आलेल्या त्या सगळ्याजणी मला विनी म्हणूनच बिलगल्या.

त्या हिवाळ्यातून तू मला बाहेर काढलंस. आभार मानलेले तुला आवडायचे नाहीत, म्हणून तू असताना कधी मानले नाहीत. आता आवडोत न आवडोत.

पण मला लिहायचं आहे ते फायनलबद्दल. तिन्ही फायनलबद्दल.

पहिली, लंडनला ऑलिंपिक मिळालं त्या वर्षीची. आपला क्लब पहिल्यांदाच तिथवर पोचला होता. समोर नदीपलीकडचा क्लब, निळ्या जर्सीवाल्या. तू उजव्या कोपऱ्यातली फॉरवर्ड, मी मागे बचावात. तुला अडवायला त्यांची शिनेड होती. उंच, लाल केसांची, मनगटाला पांढरी पट्टी. पहिल्या अर्ध्या तासात तू तिला चारदा चकवलंस. चौथ्या वेळी तू पॉइंट मारून वळलीस आणि तिच्याकडे बघून हसलीस, तेही मी पाहिलं. ते हसणं मला माहीत होतं, कॅरमवर राणी घेतल्यावरचं.

दुसऱ्या अर्ध्यात तू चेंडू सोडून दिला होतास. हे मी शपथेवर सांगेन. चेंडू मधल्या मुलीकडे गेला होता, रेफ्री त्याच्यामागे पळाला होता, सगळं मैदान तिकडे बघत होतं. मी मागून बघत होते म्हणून मला दिसलं. शिनेड दोन पावलं धावत आली आणि बाजूने तुझ्या गुडघ्यावर आपला गुडघा घातला. मग खाली वाकली. मला वाटलं, तुला उठवायला वाकली. ती काहीतरी बोलली आणि पळत आपल्या जागेवर गेली. तू ओरडलीही नाहीस. नुसती गवत धरून पडलीस.

आपण ती मॅच तीन पॉइंटनी हरलो. शिनेडला साधा फाउलसुद्धा दिला नाही.

बाबांनी गाडीतून तुला हॉस्पिटलच्या ए-अँड-ईला, तातडीच्या विभागात नेलं. मी मागच्या सीटवर तुझा पाय मांडीवर घेऊन बसले होते आणि बाबा वाटभर पार्किंगचंच बोलत होते, हॉस्पिटलात जागा मिळेल का, नाणी आहेत का कुणाकडे. ते नाणी शोधायला गेले तेव्हा तू मला सांगितलंस. शिनेड म्हणाली होती, "हा तुमच्या लोकांचा खेळ नाही. जा, आपल्या दुकानात जाऊन बस."

तू रडत नव्हतीस. तू मला विचारलंस, "वहिनी, आपला दुकान कुठेय?"

बाबा तीस वर्षं पाणीपुरवठ्यात इंजिनियर. आई शाळेच्या ऑफिसात. दुकान आपल्या सात पिढ्यांत कुणाचं नव्हतं. मला हसू आलं आणि त्याच क्षणी इतका संताप आला की मी फोन बाहेर काढला. मी म्हटलं, मी आत्ता मॉरीनना फोन करते, तक्रार करू. तू माझं मनगट धरलंस. म्हणालीस, कुणालाच सांगायचं नाही, आणि बाबांना तर कधीच नाही. सत्तरच्या दशकात बाबा इथे आले तेव्हा त्यांच्या वाट्याला काय काय आलं ते आपण दोघींनी फक्त अर्धवट ऐकलंय. तुम्हा मुलांना ते एवढंच सांगायचे की तेव्हा तसं होतं, आता तसं काही राहिलेलं नाही. त्यांचा तो विश्वास तुला मोडायचा नव्हता. "ते म्हणतील, मी तुम्हाला इथे का वाढवला," तू म्हणालीस. मी वचन दिलं.

गुडघ्याच्या आतला लिगामेंट तुटला होता. ऑपरेशन झालं, फिजिओ झाली, पण डॉक्टरांनी सांगितलं की चालणं, पोहणं, सायकल, सगळं जमेल, हे वळणं-थांबणं-उडी मारणं नाही. तू तेवीस वर्षांची होतीस. घरी येऊन तू बूट धुतलेस, पुसलेस आणि माझ्या खोलीत आणून ठेवलेस. आपल्या पायाचं माप एकच होतं.

त्यानंतरचं वर्षभर मी काय केलं ते तुला माहीत आहे. क्रॉयडनहून परतीच्या ट्रेनमधून उतरायचं आणि थेट मैदानावर. मी मॉरीनना सांगितलं, मला बचावात नको, केतकीच्या जागी ठेवा. त्या म्हणाल्या तुला किक मारता येत नाही. मग तू काठीच्या आधाराने गोलमागे उभी राहून मला किक शिकवलीस, ऑक्टोबरपासून एप्रिलपर्यंत, पावसात, आईंची छत्री घेऊन. सगळ्यांना वाटायचं काय ही नणंद-भावजयीची माया. माया होतीच. पण आपल्याला दोघींना ठाऊक होतं की आपण माझे पाय कुणासाठी तयार करतोय. उजव्या कोपऱ्यातल्या फॉरवर्डसमोर त्यांच्याकडून कोण उभी राहते, हे आपण कधी तोंडाने बोललो नाही.

दुसऱ्या वर्षी फायनलला पुन्हा त्याच आल्या. मॅचआधी मी बुटांच्या नाड्या बांधत होते. तू पाण्याच्या बाटल्यांचा क्रेट घेऊन आलीस, माझ्यासमोर उकिडवी बसायला गेलीस, गुडघा वाकेना म्हणून उभीच राहिलीस, आणि हळूच म्हणालीस, "वहिनी, आज तिला पाड."

मी पाडलं.

पन्नासावं मिनिट. आपण एका पॉइंटने पुढे. उंच आलेला चेंडू घ्यायला शिनेडनं उडी मारली आणि मी चेंडूकडे बघितलंसुद्धा नाही. विद्यापीठात कबड्डी खेळताना चार वर्षं केलं ते केलं, खाली सूर मारून दोन्ही घोटे धरले आणि ओढले. ती खांद्यावर आपटली. तिच्या गळ्याजवळचं हाड मोडलं तो आवाज मी ऐकला. खोटं कशाला बोलू, बरं वाटलं. रेफ्रीनं लाल कार्ड काढलं तेव्हाही बरंच वाटत होतं. मी बाहेर जाताना तुझ्याकडे बघितलं, तू मला काहीतरी खूण करशील म्हणून. तू बाटल्या मोजत होतीस.

उरलेली दहा मिनिटं आपली टीम पंधराऐवजी चौदाजणींनी खेळली. त्यांनी दोन पॉइंट मारले. एका पॉइंटने कप गेला.

 ड्रेसिंग रूममध्ये तूच बोललीस, सगळ्यांसमोर, इंग्रजीत, की हे काय केलंस, विनी. वहिनी नाही म्हणालीस. विनी. मी तुझ्याकडे बघत राहिले. मॉरीननी मला विचारलं की असं का, आणि मी सांगू शकत होते की हिनंच सांगितलं. सांगितलं नाही. मला सहा मॅचची बंदी आली, पुढच्या वर्षी आपण सेमीफायनललाच बाहेर पडलो, आणि क्लबमधल्या निम्म्याजणी कितीतरी दिवस माझ्याशी हवापाण्याचंच बोलत होत्या.

घरी मी तुला धरलं. तू म्हणालीस, "आय मेंट बीट हर, वहिनी! मराठीत बीट करायला दुसरा काय वर्ड आहे?"

'हरव', मी म्हटलं.

"तो मला आठवला नाही."

तुला कप हवा होता, बदला मला हवा होता, असं तू पुढे कितीतरी वेळा ऐकवलंस. माझ्यामुळे कप गेला. दोन वर्षं हे भांडण आपण घालत होतो, भांडी लावताना, गाडीत, आणि शेवटी शेवटी तुझ्या हॉस्पिटलच्या पलंगाशीसुद्धा. मी म्हणायचे, मी तुझे डोळे बघितले होते. तू म्हणायचीस, तुझा मराठी खूप डीप आहे, माझा नाही. मी अर्धा विश्वास ठेवायला लागले होते. आपल्या धाकट्या बहिणीसारख्या नणंदेच्या तुटक्या मराठीचा मी सोयीचा अर्थ लावला आणि एका बाईचं हाड मोडलं, असं मला रात्री अंथरुणावर वाटायला लागलं होतं.

मग या वर्षीच्या जानेवारीत तुझ्या अंगावर ते निळे डाग दिसायला लागले आणि सगळी भांडणं बाजूला पडली. ल्युकेमिया. दादाचा बोनमॅरो जुळला नाही, आई-बाबांचा नाही. आपल्या लोकांपैकी कुणाचा तरी जुळेल, असं डॉक्टर म्हणाले, पण दात्यांच्या यादीत आपल्या लोकांची नावंच फार थोडी. मी एका हळदीकुंकवाला टेबल मांडून बसले. रक्ताचा एवढासा नमुना द्यायचा होता. बायका आल्या, तुझी चौकशी केली, डोळ्याला पदर लावला आणि तिळगूळ घेऊन गेल्या. एक म्हणाली मिस्टरांना विचारते. एक म्हणाली माझं हिमोग्लोबिन कमी आहे. दीडशे माणसांच्या त्या हॉलमधून अकराजणांनी हात पुढे केला. ज्यांनी नाही केला त्यांचे चेहरे माझ्या लक्षात आहेत, केतकी. त्यांतल्या चारजणी गुरुवारी पांढऱ्या साड्या नेसून तुझ्या अंत्यविधीला पहिल्या रांगेत बसल्या होत्या. मी त्यांना पाणी विचारलं नाही. आईंनी डोळे मोठे केले, तरी नाही.

आणि आपल्या टीममधल्या चौदाही आयरिश बायकांनी, जुळायची शक्यता जवळजवळ नाही हे माहीत असून, एका शनिवारी प्रॅक्टिस सोडून रांगेत उभं राहून रक्त दिलं. त्या दिवशी माझ्यावरचा त्यांचा रागही संपला. तो का संपला ते मी विचारलं नाही.

गुरुवारी शिनेड आली होती.

निळ्या क्लबच्या सहाजणी काळ्या कोटांत मागे उभ्या होत्या. मला वाटलं त्या मागच्या मागे जातील. पण बाहेर पडताना शिनेड सरळ बाबांपाशी गेली, हात पुढे केला आणि म्हणाली की मी ज्यांच्याविरुद्ध खेळले त्यांत तुमची मुलगी सर्वांत चांगली होती. बाबांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला. थँक यू म्हणाले. घरी चहाला या म्हणाले. मी पाच फुटांवर उभी होते. तुला दिलेलं वचन मला त्या क्षणी इतकं जड झालं की मी जीभ दातांखाली धरून ठेवली.

मी तिच्यामागे कार पार्कमध्ये गेले. तिला हाक मारली. ती वळली तेव्हा मी पाहिलं की कोट काढताना तिचा डावा हात पूर्ण वर जात नाही. मी म्हटलं, "तू तिला काय म्हणालीस ते तिनं मला सांगितलं होतं."

ती पांढरी पडली. गाडीला टेकली. मग म्हणाली की ते शब्द तिच्या तोंडून कसे गेले हे तिला आजही सांगता येत नाही, पण गेले. केतकी आजारी आहे हे कळल्यावर तिनं तुला पत्र लिहिलं होतं. माफी मागितली होती. आणि तू उत्तर पाठवलंस.

मला हे माहीत नव्हतं. मी विचारलं, काय लिहिलं होतं?

शिनेडनं ते तोंडपाठ सांगितलं. "माझ्या वहिनीला मीच सांगितलं होतं तुला पाडायला. मला त्याचं वाईट वाटत नाही. आपण बरोबरीत आहोत, माफी नको."

वहिनी हा शब्द तू त्या इंग्रजी पत्रात तसाच लिहिला होतास. शिनेडनं तो नीट उच्चारला.

केतकी, मी तुझ्यावर इतकी कधीच चिडले नव्हते. तू जळून अजून तासही झाला नव्हता आणि तुझं मानगूट धरून तुला गदागदा हलवावंसं मला वाटलं. दोन वर्षं! दोन वर्षं तू मला सगळ्यांसमोर एकटीला उभं केलंस, माझ्या मराठीवर ढकललंस, मी रात्री जागले, आणि खरं काय ते तू लिहिलंस कुणाला, तर तिला. मला एकदा, एकदा सांगितलं असतंस तर मी काय केलं असतं? हसले असते. दोघी हसलो असतो.

शिनेड वाट बघत होती. तिला वाटत असावं मीही काही म्हणेन, झालं गेलं असं. मी म्हटलं, "ती बरोबरीत असेल. मी नाही. रविवारी भेटू."

कारण रविवारी फायनल होती. त्यांच्याशीच.

आणि रविवारी तुझा तेरावा; इथे दहनाची तारीख मिळायलाच नऊ दिवस गेले होते. घरात हे कळलं. रात्रीच्या जेवणाला आई दादाकडे बघत म्हणाल्या, तेराव्याला घरची सून मैदानावर पळते आहे, हे मी कुणाकुणाला समजावू? दादा ताटात बघत राहिला. मी म्हणणार होते की नाही जात. खरंच म्हणणार होते. बाबा म्हणाले, "किती वाजता आहे?"

मी म्हटलं दोनला.

"गुरुजी साडेबाराला मोकळे होतील. मी सोडतो हिला." आणि त्यांनी भाताचं भांडं आईंकडे सरकवलं.

म्हणून काल साडेबाराला मी पान वाढलं, नमस्कार केला, साडीवरच ट्रॅकसूटचं जाकीट घातलं आणि बाबांच्या शेजारी बसले. गाडीत ते बातम्या ऐकत होते. कुठली तरी बँक बुडाली म्हणे अमेरिकेत. माझ्या ऑफिसात आठवडाभर त्याचंच भय आहे, पण काल मला ते परक्या भाषेसारखं ऐकू येत होतं.

आपल्या मुलींनी दंडाला काळी पट्टी बांधली होती. निळ्यांनीही. त्यांच्या दंडावरची मला ओढून काढावीशी वाटली.

शिनेड माझ्यासमोर उभी राहिली. हात पुढे केला नाही, शहाणी आहे. मी पहिल्या दहा मिनिटांत दोन पॉइंट मारले, दोन्ही तिच्या डाव्या बाजूने, कारण तो हात वर जात नाही हे मी कार पार्कमध्ये पाहून ठेवलं होतं. हे वाचून तुला कसं वाटेल मला माहीत नाही. मला वाटतं, आवडेल. मध्यंतरात मॉरीन मला म्हणाल्या की विनी, डोकं ठिकाणावर ठेव. मी म्हटलं ठेवलंय. आणि होतं. मागच्या वेळी मी तिला दुखवायला गेले होते. या वेळी मला ती हरलेली बघायची होती, पायांवर उभी, शुद्धीवर, शिट्टी वाजताना.

पण त्या चांगल्या खेळत होत्या. पाच मिनिटं उरली तेव्हा आपण दोन पॉइंटनी मागे होतो. मी तिसरा मारला. एक उरला. मग तेच झालं, अगदी तेच. उंच चेंडू, शिनेड हवेत, मी खाली. तिचे घोटे माझ्या हाताच्या अंतरावर. माझे हात गेले सुद्धा पुढे. कबड्डीतले हात विचारून जात नाहीत.

मी ते मागे घेतले. कुणाला माफ केलं म्हणून नाही. लाल कार्ड मला परवडणारं नव्हतं.

तिचा डावा हात पोचला नाही. चेंडू तिच्या बोटांना लागून सुटला आणि माझ्या छातीवर आला. चार पावलं, आपटला. चार पावलं, पायावर. ती मागून येत होती, तिचा श्वास माझ्या मानेशी ऐकू येत होता, आणि तू छत्रीखाली उभी राहून शिकवलंस तसं मी वर बघितलं नाही, खाली मारला, गोलकीपरच्या पायापाशी, जमिनीलगत. जाळं हललं.

शिट्टी वाजली तेव्हा सगळ्याजणी माझ्या अंगावर पडल्या. मी त्यांच्याखालून बाहेर आले. शिनेड गोलसमोर गुडघ्यांवर बसली होती. मी तिच्याजवळ जाऊन उभी राहिले. तिनं वर बघितलं आणि उठायला म्हणून हात पुढे केला.

मी तो धरला नाही. किती वेळ उभी होते माहीत नाही. तिचा हात हवेत राहिला, मग तिनं तो खाली घेतला आणि आपली आपण उठली. मला बरं वाटलं, केतकी. खूप बरं वाटलं. लोक म्हणतात की बदला घेतल्यावर माणूस रिकामा होतो. मी काही रिकामी वगैरे झाले नाही. मला भूक लागली होती.

बाबा कठड्याशी उभे होते. त्यांनी ते पाहिलं होतं.

 घरी परतताना गाडी सिग्नलला थांबली तेव्हा ते म्हणाले, "त्या मुलीला हात का नाही दिलास?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. तुझं वचन होतं. तू गेलीस म्हणून वचन सुटतं का, हे मला कुणी सांगितलेलं नाही. मी म्हटलं, दमले होते.

सिग्नल हिरवा झाला. बाबांनी गाडी काढली, पुढे बसस्टॉपपाशी डावीकडे घेतली आणि थांबवली. समोर बघतच म्हणाले, "दुकानात जाऊन बस म्हणाली होती ती. मी कठड्याशीच होतो. माझ्यासमोर पडली होती केतकी."

 मी म्हटलं, "तुम्ही काही बोलला नाहीत."

"तिला वाटत होतं मला ऐकू आलं नाही. ती माझ्याकडे बघून हसली, मैदानावरून उचलून आणताना. मग मी पार्किंगचं बोलत बसलो."

म्हणजे तू त्यांच्यापासून लपवत होतीस आणि ते तुझ्यापासून. तीन वर्षं, एका घरात, एका टेबलावर.

मी विचारलं, मग गुरुवारी तिचा हात का धरलात? चहाला का बोलावलंत?

"केतकी होती ना तिथे," ते म्हणाले. "तिच्यासमोर मला माहीत असल्याचं कसं दाखवणार?"

 मागून बसवाल्यानं हॉर्न दिला, कारण आम्ही त्याची जागा अडवली होती. बाबांनी त्याला हात दाखवला आणि गाडी रस्त्यावर घेतली. त्यांचे डोळे वाहत होते, ते पुसत नव्हते.

घराच्या वळणावर आल्यावर त्यांनी विचारलं, "किती मारलेस तिच्यावर?"

"तीन पॉइंट. आणि एक गोल."

बाबांनी मान हलवली. मनाशी हिशोब केला.

"कमी झाले," ते म्हणाले.